एअरबोचा बाण कशावर थांबवायचा : ब्लॉक की मातीचा बांध?

रानवाट (टेक्सास)
आमच्याकडच्या काही मराठी मंडळींनी हल्ली एअरबो घेतलेत. घरामागच्या लाकडी कुंपणाला फोमचा ब्लॉक टेकवून सराव चालतो. मला हे अजिबात पटत नाही.

एअरबो म्हणजे दाबलेल्या हवेवर बाण सोडणारी एअरगन. 2016 साली बेंजामिन पायोनिअर ही एअरबो आली तेव्हा कंपनीनेच आकडा दिला होता : 375 ग्रेनचा (सुमारे 24 ग्रॅमचा) बाण, सेकंदाला 450 फूट. म्हणजे साधारण 229 ज्यूल. भारतात 20 ज्यूलच्या वरच्या एअरगनला परवाना लागतो, त्यावरून अंदाज घ्या. कुंपणाची फळी या बाणापुढे काहीच नाही, आणि फळीपलीकडे शेजाऱ्याची मुलं खेळतात.

ब्लॉक असतो बाण धड परत मिळावा म्हणून. सुरक्षेसाठी मागे मातीचा बांधच हवा, पुरुषभर उंच, दगड वेचलेला. तो नसेल तर रेंजवर जा.

ठासणी
बांध हवाच, पण ब्लॉकला इतकं दुय्यम ठरवू नका. बाण किती अंतरात थांबतो यावर सगळं आहे. तुमचे 229 ज्यूल 40 सेंटिमीटरमध्ये जिरले तर सरासरी 58 किलोचा जोर बसतो. 5 सेंटिमीटरमध्ये थांबला तर साडेचारशे किलोच्या वर. घट्ट मातीत किंवा एखाद्या खड्यावर असा आपटला की कार्बनच्या शाफ्टला, म्हणजे बाणाच्या दांडीला, बारीक चीर जाते. एअरबोचा बाण पोकळ, नळीवर चढवलेला, हवा त्याला आतून ढकलते. चिरलेला बाण पुन्हा चढवला तर तो सुटतानाच फुटू शकतो, तेही तुमच्या चेहऱ्यासमोर.

मी लाकडी खोका जुन्या कपड्यांनी ठासून भरलाय, बटणं आणि चेनी कापून. फोमपेक्षा जास्त टिकतो.

रानवाट
चिरेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. प्रत्येक बाण काढल्यावर चेहऱ्यापासून लांब धरून थोडा वाकवायचा. करकर ऐकू आली की तो कायमचा बाद.

पण खोक्याला लागलाच नाही त्या बाणाचं काय? खोका दोन-अडीच फुटांचा. नळी वर असताना ट्रिगर दाबला गेला तर बाण कित्येकशे मीटर जाईल. तिथे तुमच्या चिंध्या काय करणार?

ठासणी
म्हणूनच मी डेकवरून खाली मारतो, तेही अगदी जवळून. चुकला तर जमिनीत.

रानवाट
उतार पुरेसा नसेल तर कडक जमिनीवरून बाण घसरून उसळतो. आमच्याकडे उन्हाळ्यात माती विटेसारखी होते. यावर मी भरवसा ठेवणार नाही.

कंपाउंडवाली (सातारा)
अदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेते झाले, ते ज्या साताऱ्यात घडले तिथे मी कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मारते. स्पर्धेत आमच्या धनुष्याला 60 पाउंडांची मर्यादा. बाणात तुमच्या एक तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा. तरी बट्रेसचा, म्हणजे बाण अडवणाऱ्या जाड लक्ष्यफळ्याचा, मध्य काही दिवसांत मऊ पडतो, बाण पिसांपर्यंत आत जातो. पुढून बघितलं तर फक्त भोकं दिसतात. आम्ही पाठीमागे जाऊन हात फिरवतो. टोक बोटाला लागलं की मधला भाग बदलायचा.

ब्लॉक किती वेगाचा बाण थांबवतो याचा छापलेला आकडा नव्या ब्लॉकचा असतो आणि एअरबोचे बाण एकाच जागी बसणार. म्हणून माझं मत रानवाट यांच्या बाजूने. चिंध्याही भिजून खाली बसतात, वर पोकळी राहते, आणि वरचाच भाग चुकलेल्या बाणाच्या वाटेत असतो.

ठासणी
पोकळीचं खरं आहे. मी दर वेळी वरून दाबून भर घालतो, पण सगळे घालतील असं नाही. तरी नुसता बांध बघून सराव सुरक्षित मानायला माझा विरोध कायम. बांध आहे म्हणून फाटका ब्लॉक वापरणारे, मातीतून बाण उपसून तसाच पुन्हा चढवणारे मी पाहिलेत.

कंपाउंडवाली (सातारा)
आणि उपसताना मागे कुणी उभं राहू देऊ नका. फोम घर्षणाने तापून शाफ्टला चिकटतो, बाण झटक्यात सुटतो, आणि त्याचं मागचं टोक थेट मागच्याच्या डोळ्यावर येतं. ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) लावणार असाल तर चिंध्यांचा खोका नकोच. पाती कापडात अडकतात.