आंबेनळी घाट किती जुना?

सावित्रीकाठ: माझं सासर पोलादपूरजवळ. पुण्याहून येताना आम्ही महाबळेश्वरवरून याच घाटाने उतरतो. परवा एका जुन्या नकाशात ‘फिट्झजेराल्ड घाट’ असं वाचलं. तो हाच का? आणि अफझलखान याच रस्त्याने आला होता का?

जुना_वाटाड्या: ताई, घाट हाच. सर सेमूर फिट्झजेराल्ड हे १८६७ ते १८७२ मुंबईचे गव्हर्नर, त्यांचं नाव दिलेलं. पण खान या रस्त्याने आला नाही. १६५९ साली तो वाईहून रडतोंडीच्या घाटाने पारला उतरला, तेव्हा इथे गाडीरस्ता नव्हताच. वाकडी वाट करून पार गावात जाच. कोयनेवरचा दगडी पूल शिवकालीन मानतात. पाणी कमी असेल तेव्हा खाली उतरून खांबांचे दगड बघा, प्रवाहाच्या तोंडाशी कसे निमुळते घडवलेत! मी तिथे तासभर बसलो होतो.

घाटमाथा: जुलै २०२१ विसरू नका. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पाऊस झाला आणि रस्ता जागोजागी खचला. नंतर मी गेलो तर एका वळणावर निम्मं डांबर दरीत आणि कडेचा पांढरा पट्टा हवेत लोंबकळत होता. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का, हे विचारूनच निघा.

सावित्रीकाठ: आभार काका. दिवाळीत पारला थांबतो, सासूबाईंनाही पूल दाखवायचाय.