सीडक्रॅकरची चोच: थोराड तो नर का?

खाडीकाठ (गुहागर)
भात दुधात आलं की इकडच्या कुणग्यांवर ठिपकेदार मुनियांचे थवे उतरतात. त्यांच्याच कुळातला, आफ्रिकेच्या विषुववृत्तीय जंगलातला काळ्या पोटाचा सीडक्रॅकर. एकाच जागच्या दोन फोटोंत एकाची चोच थोराड, दुसऱ्याची बेताची. थोराड तो नर का? आणि आपल्या मुनियांत असा फरक तपासायचा कसा?

सडेफिरस्ता
नाही. नर-मादी रंगावरून ओळखा: नर काळा-लाल, मादीला काळ्याच्या जागी तपकिरी. थोराड आणि बारीक चोच दोघांतही सापडते, जोड्याही चोच न बघताच जमतात.

खरी गोम लव्हाळ्याच्या बियांत आहे. कॅमेरूनमध्ये जीवशास्त्रज्ञ टॉमस स्मिथ यांनी यावर बरंच काम केलं. स्क्लेरिया गूसेन्सी या लव्हाळ्याचं बी मऊ, स्क्लेरिया व्हेरुकोझाचं कितीतरी पट कठीण. मुबलक दिवसांत दोन्ही रूपं मऊ बीच खातात. टंचाई आली की थोराड चोचीचे कठीण बियांकडे वळतात, बारीक चोचीचे इतर मऊ बिया शोधत फिरतात. मधल्या मापाच्या चोचीची पिल्लं कमी टिकतात. त्यांना धड हे जमत नाही, धड ते.

खाडीकाठ
मग थोराड आणि बारीक जोडीची पिल्लं मधल्या मापाचीच होणार ना?

वेलदोडा
तसं होत नाही, मौज तीच. सगळा खेळ मुख्यतः एका जनुकस्थानाचा आणि त्यात थोराडपणा प्रभावी, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आला तरी चोच थोराडच. दोन्ही बारीक असतील तर पिल्लं बारीकच. दोन्ही थोराड, पण दोघांत एकेक बारीकपणाचा घटक लपलेला असेल तर सरासरी चारात एक पिल्लू बारीक. 2018 मध्ये हा धागा आयजीएफ-1 या वाढीच्या जनुकापाशी पोचला.

मुनियांचं म्हणाल तर बाजूने काढलेला फोटो निरुपयोगी, त्यात रुंदी दिसत नाही. बघायची ती खालच्या चोचीची बुडाशी असलेली रुंदी. पक्षी समोरून किंवा किंचित खालून टिपा. दोन फोटोंतली मापं थेट ताडून बघू नका, अंतर बदललं की माप बदलतं. रुंदी त्याच पक्ष्याच्या डोक्याच्या रुंदीशी ताडा. चोचीला भाताचं तूस चिकटलेलं असलं तर ती उगाच जाड दिसते. अंगावर ठिपके नसलेली, साधी तपकिरी दिसतात ती पिल्लं, ती मोजणीतून वगळा. आणि मापासाठी पक्षी पकडू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

सडेफिरस्ता
स्क्लेरिया कोकणातही आहे, ओलसर जागी बघा. दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा लागतात, पानाची धार बोट कापते. पिकलेलं बी बहुधा पांढरं, चिनी मातीच्या मण्यासारखं. नखाने दाबून बघा, मग भाताचा दाणा दाबा. फरक लगेच कळेल. मुनिया भातावर दूध भरतानाच का तुटून पडतात, तेही.