समुद्रातलं प्लवक निम्मा कार्बन खेचतं, मग तेच का वाढवत नाहीत?

देवगडचा_पाहुणा: डिसेंबरात मामाकडे गेलेलो, रात्री लाट फुटली की पाणी निळं चमकायचं, ओल्या वाळूत पाय ठेवला तरी ठिणग्या. मामा म्हणाला पाण्यातले बारीक जीव आहेत. मग वाचत बसलो तर कळलं जगातलं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातले तरंगते सूक्ष्मजीव, म्हणजे प्लवक, करतात. मग झाडं लावत बसण्यापेक्षा हेच वाढवायचं ना, कुणी करून बघितलंय का?

खारवारा: बघितलंय की, आणि आपल्या शेजारच्या गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेच, जर्मन लोकांबरोबर. २००९ मध्ये, लोहाफेक्स नाव. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात लोह कमी पडतं म्हणून प्लवक वाढत नाही, तर ३०० चौ.किमी. पट्ट्यात हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून सोडलं, तेच जे बागेत पानं पिवळी पडल्यावर घालतो. प्लवक वाढलं पण कोपेपॉड नावाचे झिंग्याचे बारके भाऊबंद तुटून पडले आणि सगळं फस्त. डायटम नावाचं प्लवक वाढलं असतं तर त्यांना काचेसारखं सिलिकाचं कवच असतं, सहजासहजी खाता येत नाही, पण तिथल्या पाण्यात सिलिकाच संपत आलेलं. खोल तळाकडे कार्बन फारसा गेलाच नाही.

देवगडचा_पाहुणा: पण खाल्लं तरी कार्बन समुद्रातच राहिला ना?

मीठभाकर: इथेच सगळे फसतात. खाणारा श्वास सोडतो. मेलेलं प्लवक, कोपेपॉडच्या लेंड्या, पाण्यात विरघळलेली साखर, या सगळ्यावर बॅक्टेरिया बसलेलेच असतात, आणि त्यातला बहुतेक कार्बन वरच्या काहीशे मीटरमध्येच परत कार्बन डायऑक्साइड होतो, तळाशी एक टक्कासुद्धा पोचत नाही. शिवाय विषाणू रोज किती बॅक्टेरिया फोडतात, आतला माल पुन्हा पाण्यात. म्हणून नुसतं खेचणं मोजून उपयोग नाही, खोलवर किती बुडालं ते बघायचं, कारण खाली गेलेलं पाणी वर यायला शेकडो वर्षं लागतात. आणि आपण सोडलेल्या धुरातला साधारण पाव हिस्सा समुद्र घेतो तो मुख्यतः पाण्यात सरळ विरघळून, प्लवक वाढल्यामुळे नाही, ही गल्लत करू नका.

खारवारा: +१. आणि तुम्ही पाहिलेला बहुतेक नॉक्टिल्युका नावाचा चमकणारा सूक्ष्मजीव असणार, तो स्वतःच डायटम गिळतो. पुढच्या वेळी बाटलीत थोडं पाणी घेऊन अंधारात हलवून बघा, एकेक ठिपका वेगळा दिसतो.