ऑफिसातला निनावी मेल: पाठवणारा शोधायचा की नाही?

परळचा_सर्व्हरवाला:
आमच्या लोअर परळच्या ऑफिसात सगळ्या स्टाफला एक मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी एचआर प्रमुखांचं नाव, आत ओव्हरटाइमचे पैसे रखडवल्याबद्दल त्यांचीच खरडपट्टी. आता वरून हुकूम आलाय, माणूस शोधा. माझ्या मते शोधायलाच हवा. 'फ्रॉम'मध्ये कुणीही काहीही लिहू शकतो. मेल पाठवायचा नियमसंच, एसएमटीपी, १९८२ चा, पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोय मुळात त्यात नव्हतीच. पण हेडरमधल्या, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या प्रवासाच्या नोंदींतल्या, 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचल्या की आपल्या सर्व्हरने मेल कुठल्या आयपीवरून, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरून, घेतला ते दिसतं. तो १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा असेल तर मेल आतूनच गेलाय. मग डीएचसीपीचा, म्हणजे कुठल्या मशीनला कुठला आयपी दिला त्याच्या नोंदींचा, लॉग बघायचा, मशीन हातात.

खवट_गिरगावकर:
मशीन हातात, माणूस कुठाय? लंचला कॉम्प्युटर लॉक न करता उठणारे किती आहेत ते आधी मोजा. शिवाय हेडरमधली वेळ बऱ्याचदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर रात्रपाळीचं पाप दुपारच्या पोराच्या माथी. आणि ओव्हरटाइमचे पैसे खरंच रखडलेत का, हे कुणी शोधतंय?

परळचा_सर्व्हरवाला:
तो विषय वेगळा. दुसऱ्याचं नाव वापरणं गुन्हा आहे.

वकीलीणबाई_दादर:
थांबा. मेल कुठून आला याबद्दल दिशाभूल करणं आयटी कायद्याच्या कलम ६६अ मध्ये होतं. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते कलमच रद्द केलं; त्या खटल्याला निमित्त झाली होती आपल्या पालघरच्या दोन मुलींची अटक. ६६ड अजून आहे, पण त्याला तोतयेगिरी करून फसवणूक लागते. टोमणा मारणं म्हणजे फसवणूक नव्हे. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तक्रारदाराला संरक्षण देणारी यंत्रणा ठेवावीच लागते. तुमच्याकडे ती कागदावर तरी आहे का?

परळचा_सर्व्हरवाला:
ताई, उद्या त्याच नावाने 'पगाराचं खातं बदललंय, या लिंकवर माहिती भरा' असा मेल फिरला तर? आज सोडलं की उद्याला रान मोकळं.

खवट_गिरगावकर:
रान मोकळं सोडलंय कुणी? स्कॅनरवरून थेट मेल जावा म्हणून बऱ्याच ऑफिसांत सर्व्हर आतल्या पत्त्यांकडून पासवर्ड न विचारता मेल घेतो. तुमच्याकडे तसंच असणार, पैज लावतो. ही बिनपासवर्डची सोय, म्हणजे रिले, फक्त स्कॅनरच्या आयपीपुरता ठेवा, बाकीच्यांना लॉगिन सक्तीचं करा.

परळचा_सर्व्हरवाला:
पैज जिंकलात. रिले आज रात्री बंद करतो. पण लॉग काढून ठेवणार. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवस ठेवायचेच असतात.

वकीलीणबाई_दादर:
ठेवा की. रिपोर्टात आयपी आणि वेळ लिहा, नाव लिहू नका.

परळचा_सर्व्हरवाला:
साहेबांना नावच हवंय, ताई. आणि मला विचाराल तर मलाही.