शब्दचर्चा: विंडो 'नेहमी वर' की 'इतरांच्या पुढे'?

घणसोलीकर:
सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकलंय, सिनॅमन डेस्कटॉप. मेंटेनन्सची बिलं लिब्रेऑफिसच्या शीटमध्ये करतात आणि बाजूला कॅल्क्युलेटर उघडा लागतो. शीटवर क्लिक केलं की कॅल्क्युलेटर गायब. उपाय सोपा आहे: कॅल्क्युलेटरच्या शीर्षकपट्टीवर राइट क्लिक, मग मेनूत 'ऑलवेज ऑन टॉप'. कीबोर्डवरून करायचं तर आल्ट आणि स्पेस दाबून तोच मेनू येतो.

खजिनदार काकांसाठी हे मराठीत अर्ध्या पानावर लिहून भिंतीला लावायचंय. 'कॅल्क्युलेटर नेहमी वर ठेवा' असं लिहून दिलं. काकांनी तो माउसने धरून स्क्रीनच्या वरच्या कडेला नेऊन ठेवला आणि म्हणाले, "ठेवला वर, तरी जातोच आहे." आता काय लिहू?

नौपाड्याचा वाचक:
काकांचं वाचन बरोबर आहे. 'वर' उंचीही सांगतो आणि थरही. टेबलावरच्या कागदांत 'बिल वर ठेव' म्हटलं की थर कळतो, कारण कागद आडवे पडलेत. मॉनिटर उभा असतो, तिथे 'वर' म्हणजे छताकडे. इंग्रजीतल्या टेबलाची कल्पना उचलायची आणि स्क्रीन मात्र भिंतीसारखी उभी, असा हा घोळ आहे.

लोक बोलतात कसं ते ऐका. 'ब्राउझरच्या मागे गेलं बघ', 'ती मागची विंडो पुढे घे'. 'ब्राउझरच्या खाली गेलं' असं ऑफिसात कुणाच्या तोंडून ऐकलंय का? बोलण्यात मागे-पुढे आहे, मग लिहिण्यात वर-खाली कशाला? 'नेहमी पुढे' लिहा.

रोजचा ट्रान्स-हार्बर:
'पुढे' मला अर्धाच पटतो. फॉर्म भरताना 'पुढे' म्हणजे पुढचं पान. ऐरोली सुटली की गाडीत 'पुढील स्टेशन रबाळे' ऐकू येतं, म्हणजे जे अजून यायचंय ते. मेनूत नुसतं 'नेहमी पुढे' वाचून काका त्याला नेक्स्टचं बटण समजतील. 'समोर' का नको?

नौपाड्याचा वाचक:
'समोर' म्हणजे बघणाऱ्याच्या समोर. स्क्रीनवरचं सगळंच आपल्या समोर असतं, झाकलेलंसुद्धा. इथे नातं विंडोचं विंडोशी आहे. 'पुढे'ची शंका मात्र मान्य. ती 'इतरांच्या' जोडलं की जाते: 'इतरांच्या पुढे'. केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या मेनूतही 'कीप अबव्ह अदर्स' आहे, त्यातलं 'अदर्स' उगाच नाही.

भाषांतर करणारी:
क्रियापदाकडे कुणी बघितलंच नाही. ग्नोम (हाही एक डेस्कटॉप) आणि सिनॅमन अवस्था सांगतात, 'ऑलवेज ऑन टॉप'. केडीई आज्ञा देतं, 'कीप अबव्ह'. निवडल्यावर त्या ओळीशी खूण दिसते. 'इतरांच्या पुढे ठेवा' याच्याशी खूण दिसली तर वाचणाऱ्याला कळत नाही: ठेवलंय की अजून ठेवायचंय? 'इतरांच्या पुढे' आणि शेजारी खूण, हे लगेच कळतं. मेनूत क्रियापद नको. भिंतीवरच्या कागदात हवं, कारण तिथे आपण काकांना काम सांगतोय.

'ठेवणे' आणि 'राहणे' यांतला फरक लिनक्सवर अगदी खरा आहे. एक्स११ मध्ये, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, प्रोग्राम स्वतःच विंडो मॅनेजरकडे (विंडो कुठे, कुठल्या थरात हे सांभाळणारा प्रोग्राम) मागणी करू शकतो की मला पुढे राहू दे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तशी सोय आहे, एमपीव्हीतही. वेलँड या नव्या व्यवस्थेत साध्या प्रोग्रामला अशी मागणी करायची वाटच ठेवलेली नाही. मेनूतून वापरणाऱ्याने सांगायचं आणि कंपोझिटरने (वेलँडमध्ये विंडो मॅनेजरचं काम हाच करतो) ऐकायचं. टर्मिनलमधून हेच काम करणारं जुनं डब्ल्यूएमकंट्रोल वेलँडच्या विंडोंना हात लावू शकत नाही, तेही यामुळेच. म्हणजे एक्स११ मध्ये विंडो 'पुढे राहते' म्हटलं तर चालेल, वेलँडमध्ये ती 'पुढे ठेवावी' लागते. मिंटचं नेहमीचं सत्र एक्स११ चं, त्यामुळे घणसोलीकरांना दोन्ही चालेल.

रोजचा ट्रान्स-हार्बर:
आणि 'नेहमी'? कॅल्क्युलेटर बंद करून पुन्हा उघडला की खूण गेलेली असते. कसलं नेहमी!

भाषांतर करणारी:
म्हणून तर 'कायम' अजिबात नको. 'कायम' वाचून माणूस उद्या सकाळीही तेच अपेक्षेने बघणार. खरोखर कायम हवं असेल तर केडीईत विंडो रूल, म्हणजे त्या विंडोसाठी कायमचा नियम, करून ठेवता येतो, सिनॅमनच्या त्या मेनूत ते नाही. शिवाय उघडी असतानाही 'नेहमी' खोटं पडतं. डेस्कटॉपांनी ठरवून घेतलेल्या थरांच्या क्रमात सर्वांत मागे डेस्कटॉप, मग मुद्दाम मागे ठेवलेल्या विंडो, मग साध्या, मग पुढे ठेवलेल्या आणि पॅनेल (टास्कबारची पट्टी). त्या सगळ्यांच्याही पुढे जाते ती फोकस असलेली, म्हणजे आत्ता वापरात असलेली, फुलस्क्रीन विंडो. काकांनी व्हिडिओ फुलस्क्रीन केला तर कॅल्क्युलेटर झाकला जाईल, आणि तो बिघाड नाही.

मी 'नेहमी' गाळेन. 'इतरांच्या पुढे' एवढं पुरेसं आहे.

कळव्याहून:
मी 'पिन' म्हणतो, सगळ्यांना कळतं.

नौपाड्याचा वाचक:
कळतं, पण भलतंच कळतं. टास्कबारला पिन करणं वेगळं, चॅट पिन करणं वेगळं. आणि त्याच मेनूत वर्कस्पेस (विंडो वेगवेगळ्या मांडायला मिळणारे एकाहून जास्त डेस्कटॉप) बदलला तरी विंडो दिसत राहावी अशीही ओळ आहे, 'ऑलवेज ऑन व्हिजिबल वर्कस्पेस'. पिनेचं काम तिचं आहे. तिला 'टाचलेली' म्हणा, मला आवडेल: वर्कस्पेस मागून सरकतात, विंडो जागच्या जागी. टाचलेली विंडो दुसऱ्या विंडोच्या मागे जाऊ शकते, आणि पुढे ठेवलेली विंडो वर्कस्पेस बदलल्यावर दिसेनाशी होते. दोन्हींना एकच शब्द दिलात तर काका उद्या तुम्हाला फोन करतील.

घणसोलीकर:
परवा तसाच फोन आला होता. कागदावर आता हे लिहिलंय, बघा:

'कॅल्क्युलेटरच्या शीर्षकपट्टीवर उजवं बटण दाबा. ऑलवेज ऑन टॉप निवडा. कॅल्क्युलेटर आता इतर विंडोंच्या पुढे राहील. कॅल्क्युलेटर बंद केला तर हे पुन्हा करावं लागेल.'

मेनू इंग्रजीत आहे म्हणून ते नाव तसंच ठेवलं. 'विंडोंच्या' बरोबर ना? 'विंडोजच्या' लिहिलं होतं, पण ते वाचून सेक्रेटरी म्हणाले, आपल्याकडे तर लिनक्स आहे.

भाषांतर करणारी:
'विंडोंच्या' बरोबर. 'उजवं बटण' मात्र 'माउसचं उजवं बटण' करा. कॅल्क्युलेटरवरही बटणं आहेत.