मदत हवी आहे: लेण्यातल्या कमानीवरून बाक करतोय, सागाच्या पट्ट्या तडकतायत

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याचा, फर्निचर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात कलेच्या इतिहासातलं काहीतरी धरून बसायची एक वस्तू करायची आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांनी डच डिझायनर रीटफेल्डची लाल-निळी खुर्ची धरली. तीच खुर्ची सातव्यांदा बघायचा कंटाळा आला म्हणून मी मळवलीला उतरलो आणि कार्ले, भाजे दोन्ही लेणी एका दिवसात केली. (पायांचं काय झालं ते विचारू नका.)

कार्ल्याच्या चैत्यगृहात (बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात) मान वर केली की छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या दिसतात, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. छत मात्र अख्खा कातळ. फासळ्या उद्या काढल्या तरी काही पडायचं नाही. आधी लाकडी सभागृहं बांधत, त्यांचंच रूप डोंगरात कोरलं, म्हणून त्या आल्या. भाज्याला तर खांबही वर आत कललेले आहेत. लाकडात ते बरोबर, कमान पाय बाहेर रेटते, कललेला खांब तो रेटा झेलतो. दगडात त्याचं काहीच काम नाही, तरी कोरलेत!

तिथेच सुचलं की हे परत लाकडात आणायचं आणि खांबांच्या त्या कलण्याला परत काम द्यायचं. बाक 900 मिमी लांब, खाली फासळ्यांसारख्या एकामागे एक पाच कमानी, त्रिज्या 200 मिमी, पाय आत कललेले. बसणाऱ्याचं वजन कमानीवर.

आता रडगाणं. नौपाड्यात एक जुनी इमारत पाडली, तिथली सागाची चौकट स्वस्तात मिळाली. रंधा मारल्यावर असला रंग निघाला की बस. तिच्या 4 मिमीच्या पट्ट्या काढल्या, सहा-सहा एकत्र पांढऱ्या गोंदाने साच्यावर आवळल्या. पहिल्या कमानीत माथ्यावरच 'टक्' झालं, बाहेरची पट्टी गेली. दुसरी टिकली, पण सकाळी क्लॅम्प सोडले तर दोन्ही टोकं मिळून 30 मिमी फाकली. तिसऱ्या वेळी पट्ट्या रात्रभर पाण्यात ठेवल्या, तर गोंदच धरेना.

वाफ द्यावी का? की कमान तुकड्यांत कापून जोडावी? आमचे सर म्हणतात, "कमान लावली म्हणजे लेणं झालं का?" त्याचंही उत्तर मला नीट देता येत नाहीये.

वखारीतला म्हातारा:
बाळा, चौकटीचा जुना साग घेतलास तिथेच फसलास. इतकी वर्षं सुकलेलं लाकूड टिकाऊ असतं, पण वाकायला नाखूश. आणि 200 च्या त्रिज्येला 4 मिमी? ढोबळ हिशेब असा की कोरडी पट्टी वाकवायची तर त्रिज्या जाडीच्या शंभरपट हवी. म्हणजे तुला 2 मिमी. बारा पट्ट्या लागतील, निम्मा साग करवतीच्या भुशात जाईल, त्याला इलाज नाही. गाठ असलेली आणि तंतूंची रेषा तिरकी गेलेली पट्टी बाजूला काढ. पांढरा गोंद ताणाखाली हळूहळू सरकतो, त्याऐवजी पावडर-हार्डनरवाला युरियाचा किंवा इपॉक्सी वापर. तुकडे जोडायचे तर जोड, पण तंतू आडवे पडतात तिथे माणसाचं वजन आलं की तिथेच मोडतं.

कळव्याचा मिस्त्री:
वाफेचा नाद करायचाच तर हा साग सोड. उन्हावाऱ्यात सुकवलेलं लाकूड घे, भट्टीत वाळवलेलं नको. एक इंच जाडीला साधारण तासभर वाफ. बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी बांधायला विसरू नकोस, कारण वाफवलेलं लाकूड दाबलं जातं भरपूर, ताणलं जातं अगदी थोडं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या करणारा थोनेट ती पट्टी लावून बीच झाडाचं लाकूड वाकवायचा, त्याची 1859 ची खुर्ची सहा तुकड्यांची. आपल्याकडे तुती बघ. हॉकीच्या काठ्या तिच्याच करत, उगाच नाही.
आणि पायांच्या तळाशी एक आडवी पट्टी टाक, नाहीतर फाकतील.

धागाकर्ता:
काका, दादा, खूप आभार. 2 मिमीच्या बारा पट्ट्या आणि युरियाचा गोंद घेऊन एक कमान केली. या वेळी टोकं फक्त 5 मिमी फाकली, तेवढा साचाच आवळून घेईन. तुती मिळाली तर पुढच्या वेळी.

दादा, तळाची पट्टी मात्र नको वाटतेय. ती लावली की रेटा पट्टीच घेणार आणि पायांचा कल पुन्हा शोभेचा, भाज्याच्या दगडासारखा. सरांना हेच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मग पट्टीशिवाय उभा कर आणि स्वतः बस." शनिवारी बसतोय. पट्टी कापून तयार ठेवलीय, पण ते त्यांना सांगितलेलं नाही.