लोकअदालतीत निम्मा अधिभार माफ: भरून मोकळं व्हावं, की आधी खातं दुरुस्त करून घ्यावं?

रामबागकर
इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. वडील गेल्यावर 2021-22 पासून 2024-25 पर्यंत संपत्तिकर कुणी भरलाच नाही. भावाला वाटलं मी भरतोय, मला वाटलं तो. आता बाकी निघाली 58,000. कर आणि उपकर मिळून 42,000, त्यावर अधिभार 16,000. येत्या शनिवारी नॅशनल लोकअदालत आहे. कर आणि अधिभार धरून बाकी 50,000 ते 1 लाखामध्ये असेल तर अधिभारात 50 टक्के सूट. म्हणजे 8,000 सुटणार, 50,000 भरायचे. निम्मे त्याच दिवशी, उरलेले महिन्याभरात.

पण स्वनिर्धारणाचा फॉर्म (मालकानंच घराची मापं लिहून कर काढायचा तो) काढून बघितला, वडिलांच्याच अक्षरातला. त्यात पुढची खोली 'दुकान' म्हणून लिहिली आहे. तिथला शिंपी 2019 मध्येच गेला. आता त्या खोलीत आईचा झोपाळा आणि गव्हाच्या कोठ्या. कर मात्र अजून व्यावसायिक दराने लागतोय. ती खोली राहण्याची धरली तर माझ्या हिशेबाने कर 33,000 वर येतो, अधिभारही त्या मानाने साडेबारा हजार. बेरीज 50,000 च्या खाली, आणि तिथे अधिभार 100 टक्के माफ! 33,000 त सुटका. शिवाय घरात आम्ही स्वतः राहतो, त्याची करातली निम्मी सूट वेगळीच.

शनिवारी भरून टाकू, की दुरुस्तीचा अर्ज देऊन पुढच्या लोकअदालतीची वाट बघू?

हिशेबी काका
शेवटचं वाक्य आधी खोडा. स्वतः राहतो म्हणून मिळणारी 50 टक्के सूट त्या त्या वर्षाचा कर 31 मार्चच्या आत भरणाऱ्याला असते. चार वर्षं थकवलीत, चारही वर्षांची गेली. दरवर्षी मार्चअखेर 'नाहीतर दुप्पट भरा' म्हणून गाडी भोंगा वाजवत फिरते ती उगाच नव्हे.

बाकीचं माझं मत सरळ आहे, भरा. चाळीस वर्षं लोकांची खाती लिहिली. वादातले दहा हजार मिळवायला माणूस वर्षभर चपला झिजवतो आणि त्या वर्षाचा अधिभार पुन्हा डोक्यावर चढतोच. ही सूट सरकारच्या आदेशानं मिळते, तो तुमचा हक्क नाही. पुढच्या वेळी हेच टप्पे राहतील असं कुणी लिहून दिलंय का?

चिमणबागवाली
काका, वयाचा मान ठेवून म्हणते, हे पटलं नाही. सूट अधिभारावर आहे, करावर नाही. म्हणजे रामबागकरांनी 42,000 हा आकडा बिनबोभाट मान्य करायचा, वर निम्मा अधिभारही भरायचा, आणि मग म्हणायचं 'वाचलो'. दुकानच नाही तिथे दुकानाचा कर का भरावा?

शिवाय लोकअदालतीत प्रकरण मिटलं की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो. विधिक सेवा प्राधिकरण कायदा, 1987, कलम 21. त्यावर अपील नाही. सोमवारी 'आमची चूक झाली, खोली मोजा' म्हणून जाल तर मागच्या चार वर्षांची दारं बंद झालेली असतील.

हिशेबी काका
मागच्या चार वर्षांचीच ना. पुढचा फॉर्म तर मालकानंच भरायचा आहे. त्यात खोली राहण्याची लिहा, कोण अडवतंय? मेलेल्या वर्षांचं तेरावं किती दिवस करायचं.

चिमणबागवाली
मेलेल्या वर्षांचे 17,000 होतात, काका.

माळवी मोजपट्टी
मध्येच तोंड घालतो. रामबागकर भिया, फॉर्ममधल्या चुका सगळ्या तुमच्या तोट्याच्याच आहेत का? गच्चीवर काही चढवलंय का? दुरुस्तीचा अर्ज दिलात की माणूस टेप घेऊन येतो, आणि तो पुढची खोली मोजून परत जात नाही. आपल्या मध्य प्रदेशच्या 1956 च्या महापालिका अधिनियमात, कलम 138, स्वनिर्धारणात 10 टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात. त्याच्या वर गेला तर फरकाच्या पाचपट शास्ती. आदेश पटला नाही तर अपील आहे, पण ते शास्ती लागल्यावरचं दुखणं.

रामबागकर
आहे. 2016 मध्ये वर खोली बांधली, भाचीच्या अभ्यासासाठी. फॉर्ममध्ये नाही. फॉर्मवर एकूण 1,500 फूट. खोली 12 बाय 11, म्हणजे 132. नऊ टक्केसुद्धा होत नाही.

माळवी मोजपट्टी
आणि तिच्यापुढे पत्रे टाकलेत ते? फोटोत नका दाखवू, नुसतं सांगा.

रामबागकर
6 बाय 11. कूलर आणि तुळस ठेवायला. दोन बाजू उघड्या.

माळवी मोजपट्टी
66 आणखी. 198. झाले 13 टक्के. आता मोजणारा म्हणेल पडवी धरायची, तुम्ही म्हणाल नाही धरायची, आणि सगळं भांडण त्या तुळशीपाशी अडकेल. त्यात फरक बघतात तो आकारणीतला, नुसत्या फुटांचा नाही, म्हणजे हिशेब आणखी वाकडा. चिमणबागवाली ताईंचं तत्त्व बरोबर, पण ते स्वच्छ घरवाल्यानं पाळावं.

चिमणबागवाली
म्हणजे वर एक खोली लपवली म्हणून खाली न चालणाऱ्या दुकानाचा कर भरत राहायचा? दोन्ही एकदम सांगून टाका की. स्वतःहून सांगणारा आणि पकडला गेलेला यात फरक असतो.

माळवी मोजपट्टी
माणसांच्या नजरेत असतो. कलमात मला दिसला नाही.

ह्यूस्टनचा इंदुरी
इथे टेक्सासमध्ये हा खेळ दरवर्षीचा आहे म्हणून लिहितो. घराची किंमत ठरवून नोटीस येते, साधारण 15 मेपर्यंत हरकत घ्यायची. मग सुनावणीच्या आधीच ते एक आकडा देतात: इतक्यावर मिटवा. सही केली की त्या वर्षापुरता विषय संपला. मी दोनदा मिटवलं, एकदा हरकती ऐकणाऱ्या मंडळापुढे गेलो. जायला भीती कमी, कारण मंडळाला नोटिशीतल्या आकड्याच्या वर जाता येत नाही, मालकानंच मागितलं तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे हरकत घेतली तर आकडा वरही जातो, शिवाय फरकाच्या पाचपट शास्ती. म्हणून इथला सल्ला तिथे लावू नये असं सांगायलाच आलो. बाकी रामबागेतल्या झोपाळ्याची आठवण काढून दिलीत, मेहेरबानी.

पाटनीपुरा एक्स्प्रेस
कागद कुठला आहे ते कुणी विचारलंच नाही. शिंपी 2019 ला गेला हे आई सांगेल, शेजारी सांगतील. त्यानं भागत नाही. दुकानाचा वीजमीटर घरगुती कधी केलात?

रामबागकर
सगळी पेटी उपसली. मीटर बदलल्याची पावती एप्रिल 2023 ची आहे. त्याआधी बंद दुकानाचं बिल व्यावसायिक दरानं भरत होतो, हेही आज कळलं.

पाटनीपुरा एक्स्प्रेस
मग चारपैकी दोनच वर्षं तुमची. कर 4,500 नं कमी, 37,500. अधिभार साधारण 14,300. बेरीज 51,800. 50,000 च्या वरच राहिलात, म्हणजे पुन्हा निम्मीच सूट. भरायचे साडेचव्वेचाळीस हजारांच्या थोडे वर. सतरा हजारांची लढाई साडेपाच हजारांवर आली.

हिशेबी काका
मी काही बोलत नाही.

चिमणबागवाली
बोलताय की. मला साडेपाच हजारसुद्धा सोडवत नाहीत, पण तुळस मोजायला लावून सोडवावेत असंही म्हणवत नाही. एक विचारते. शनिवारच्या आधी थोडी रक्कम भरून बाकीच 50,000 च्या खाली आणली तर? मग दुरुस्ती नको, टेप नको, आणि टप्पा 100 टक्क्यांचा.

हिशेबी काका
ताई, हा विचार इंदुरात पहिल्यांदा तुम्हीच केलात असं वाटतं का?

रामबागकर
उद्या साडेदहाला महापालिकेचं झोन कार्यालय उघडतं. आधी हेच विचारतो. पुढच्या वर्षीच्या फॉर्मात मात्र दुकान काढून खोली आणि पत्रे दोन्ही लिहिणार आहे, आईनं बजावलंय. भाऊ म्हणतो पत्रेच काढून टाकू. तुळस खाली कुठे ठेवायची यावर आता घरात वेगळा धागा सुरू झालाय.